रीड नेमका कुठून आला? जीनोमशास्त्राच्या नियतकालिकांचे संपादक आणि समीक्षक यांना खुलं पत्र

आदरणीय संपादक आणि समीक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी आरएनए-सीकच्या, म्हणजे पेशीतल्या आरएनएचे छोटे तुकडे वाचून मिळणाऱ्या डेटाचं विश्लेषण करते. वाचलेल्या अशा प्रत्येक तुकड्याला रीड म्हणतात. अलाइनमेंटच्या (रीड्स जीनोमवर जुळवून बसवण्याच्या) फायली, काउंटचे (मोजणीचे) तक्ते आणि जीनोम ब्राउझर यांतच माझा दिवस जातो. गेली काही वर्षं यातलं बरंचसं काम ट्रान्सपोझेबल एलिमेंट्सवर, म्हणजे ज्यांना आपण उड्या मारणारी जनुकं म्हणतो त्यांच्यावर चालू आहे. एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं. वाक्य असं : ‘उपचारानंतर ट्रान्सपोझेबल एलिमेंट्स सक्रिय झाले.’ थोडे शब्द बदलून हेच वाक्य कर्करोगावरच्या लेखांत येतं, वार्धक्यावरच्या लेखांत येतं, मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या लेखांतही येतं. खाली आलेख असतो आणि त्यात एखाद्या सब-फॅमिलीचा (एकमेकांसारख्या एलिमेंट्सच्या गटाचा) स्तंभ शेजारच्या स्तंभापेक्षा उंच असतो. ज्या रीड्समुळे तो स्तंभ उंच झाला, ते जीनोममधल्या कुठल्या जागेवरून आले, हे मात्र लेखभर शोधूनही बहुतेक वेळा सापडत नाही.

माझं मागणं एवढंच आहे : ही जागा विचारल्याशिवाय असा दावा छापू नका.

इतक्या आग्रहाने सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. उपचार केलेल्या पेशी आणि न केलेल्या पेशी, अशी साधी तुलना होती. फॅमिलीनुसार मोजणी केली, तर लाइन-१, अलू, एंडोजिनस रेट्रोव्हायरस (जीनोममध्ये मुरलेले प्राचीन विषाणू) अशा एलिमेंट्सच्या फॅमिली, जवळपास सगळंच वर गेलेलं दिसलं. पी-व्हॅल्यू उत्तम होत्या. आम्ही सगळे खूश होतो आणि मसुदा लिहायलाही घेतला होता. आकृतीसाठी एक चांगलं उदाहरण हवं म्हणून मी यादीतला सगळ्यात वरचा लोकस, म्हणजे जीनोममधली नेमकी जागा, ब्राउझरमध्ये उघडला. एका लांबलचक जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) लाइन-१ चा जेमतेम हजार बेसचा, म्हणजे डीएनएच्या हजार अक्षरांचा, तुकडा होता. त्यावर रीड्स होते, भरपूर होते. पण ते त्या तुकड्याच्या कडेला सुरू होत नव्हते आणि दुसऱ्या कडेला थांबतही नव्हते. मागच्या एक्झॉनपासून (आरएनएत टिकणाऱ्या भागापासून) पुढच्या एक्झॉनपर्यंत सगळा इंट्रॉन एकसारखा भरलेला होता आणि लाइन-१ चा तुकडा त्या वाटेत आडवा आलेला होता, इतकंच. उलट तुकड्याच्या आतच कव्हरेज (रीड्सची दाटी) किंचित खाली बसलं होतं, कारण तिथले काही रीड्स आणखी दहा ठिकाणी बसू शकत होते. मग स्ट्रँड, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठला, ते पाहिलं. तुकडा जनुकाच्या उलट दिशेने बसलेला होता आणि रीड्स मात्र जनुकाच्या दिशेचे होते. म्हणजे मी ज्याला लाइन-१ चं एक्स्प्रेशन (त्याचा आरएनए तयार होणं) म्हणत होते, ते लाइन-१ च्या उलट्या धाग्याचं होतं.

मग दुसरा लोकस उघडला, तिसरा उघडला. विसाव्यापर्यंत पोचले तेव्हा चित्र स्पष्ट झालं होतं. उपचार केलेल्या नमुन्यांत स्प्लाइस न झालेला (इंट्रॉन कापून न टाकलेला) आरएनए जास्त होता, त्यामुळे सगळेच इंट्रॉन वर गेले होते आणि इंट्रॉनमध्ये बसलेले एलिमेंट्स त्यांच्याबरोबर वर गेले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा हा प्रकार. बीळ जनुकाचं आणि नाव एलिमेंटचं. मसुदा मागे घेतला. सॉफ्टवेअरची यात काही चूक नव्हती. ‘या फॅमिलीच्या तुकड्यांवर किती रीड्स पडले?’ असं मी विचारलं होतं आणि त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. ‘ही फॅमिली जागी झाली का?’ हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, तरी उत्तर त्याचं समजून वाचलं.

हे माझ्या एकटीच्या बाबतीत घडलं असतं तर पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण जीनोमची रचनाच अशी आहे की ही चूक कोणाच्याही हातून व्हावी. २००१ मध्ये मानवी जीनोमचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हाच दिसलं होतं की त्याचा सुमारे ४५ टक्के भाग ट्रान्सपोझेबल एलिमेंट्सपासून आलेला आहे. प्रथिनांचा संकेत असणारा भाग २ टक्क्यांहूनही कमी. अलूच्या १० लाखांहून जास्त प्रती, प्रत्येक साधारण ३०० बेसची. लाइन-१ च्या सुमारे ५ लाख प्रती. या लाइन-१ ची पूर्ण लांबी ६००० बेस असते, पण बहुतेक प्रती ५-प्राइम टोकाकडून, म्हणजे सुरुवातीच्या बाजूने, तुटलेल्या आहेत आणि लाइन-१ चा स्वतःचा प्रमोटर नेमका त्याच टोकाला असतो. म्हणजे या ५ लाखांपैकी बहुतेकांकडे स्वतःचं लिप्यंतर (डीएनएवरून आरएनए लिहिणं) सुरू करायला लागणारी कळच उरलेली नाही. पूर्ण लांबीच्या प्रती काही हजार आणि एका माणसाच्या जीनोममध्ये खरोखर उडी मारू शकतील अशा ८० ते १०० च्या आसपास. ही आकडेवारी डोळ्यांसमोर ठेवून विचार करा. लाइन-१ च्या तुकड्यावर पडलेला कुठलाही एक रीड उचलला, तर तो त्या मूठभर जिवंत प्रतींचा असण्याची शक्यता किती आणि कुठल्यातरी जनुकाच्या इंट्रॉनमधला किंवा यूटीआरमधला (आरएनएच्या टोकाकडच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागातला) असण्याची किती? अलूचं तर त्याहून बिकट. अलूचं स्वतःचं लिप्यंतर आरएनए पॉलिमरेझ ३ हे विकर करतं. आपल्या नेहमीच्या लायब्ररींत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्यांत) अलूचे जे रीड्स दिसतात, त्यांतले बहुतेक पॉलिमरेझ २ ने लिहिलेल्या जनुकांच्या आत अडकलेल्या अलूचे असतात. तरीही ‘अलूचं एक्स्प्रेशन वाढलं’ असं आपण सरसकट छापतो.

या विषयाची सुरुवातच मुळात जागेपासून झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ट्रान्सपोझेबल एलिमेंट्सचा शोध लावणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात दिसलं होतं ते हे की ९ व्या क्रोमोसोमचा आखूड बाहू पुन्हा पुन्हा एका ठरावीक ठिकाणी तुटतो. त्या ठिकाणाला त्यांनी डीएस असं नाव दिलं आणि ते ठिकाण जागा बदलतं, हे दाण्यांच्या रंगांवरून आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या क्रोमोसोमवरून दाखवून दिलं. त्यांचा निबंध १९५० चा, नोबेल १९८३ चं. एकही बेस वाचायची सोय नसताना त्यांनी ‘कुठे?’ या प्रश्नापासून सुरुवात केली. आपल्याकडे कोट्यवधी रीड्स आहेत आणि आपण तो प्रश्न गाळून पुढे जातो.

आता मोजणीकडे येते, कारण पद्धतींच्या विभागात सगळ्यात जास्त धूसरपणा इथे असतो.

रीड साधारण ७५ ते १५० बेसचा असतो. जुन्या एलिमेंटच्या प्रतींमध्ये कोट्यवधी वर्षांत इतके बदल साठलेले असतात की १०० बेसवरून बहुधा नेमकी जागा कळते. तरुण एलिमेंट्सचं तसं नाही. एल१एचएस, अलू-वाय, एसव्हीए यांच्या प्रती एकमेकींशी इतक्या सारख्या आहेत की एकच रीड पन्नास, शंभर, हजार ठिकाणी तितकाच चपखल बसतो. अशा रीडचं काय करायचं? नेहमीच्या जनुक-मोजणीत त्याला सरळ वगळतात. फीचरकाउंट्स आणि एचटीसीक ही मोजणीची दोन्ही साधनं आपल्या मूळ सेटिंगमध्ये असे रीड्स मोजत नाहीत. त्याच्याही आधी, १० पेक्षा जास्त ठिकाणी बसणारा रीड स्टार हा अलाइनर मूळ सेटिंगमध्ये ‘मॅप न झालेला’ म्हणून बाजूला काढतो. कोणी काही बदललं नाही तर तरुण एलिमेंट्सचे रीड्स मोजणीच्या टप्प्यापर्यंत येतच नाहीत. जे आजही उडी मारू शकतात, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच गळतात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यांची मोजणी व्यवस्थित होते. म्हणूनच टीईट्रान्सक्रिप्ट्ससारख्या साधनांच्या कर्त्यांनी ही मर्यादा १०० पर्यंत वाढवायला सांगितलं आहे. पण कितीतरी लेखांत मर्यादा किती ठेवली, हे लिहिलेलंच नसतं. समीक्षक म्हणून आपण हा एक आकडा विचारला, तरी बरंच काही उघड होतं.

रीड वगळायचा नसेल तर वाटावा लागतो. सगळ्या जागांना समान वाटा द्या, किंवा ज्या जागेवर तिचे स्वतःचे एकमेव बसणारे रीड्स जास्त आहेत तिला जास्त द्या. दुसरा मार्ग एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशनचा. १९७७ मधली ही जुनी सांख्यिकी युक्ती टीईट्रान्सक्रिप्ट्स, स्क्वायर, टेलिस्कोप, एल१ईएम या साधनांनी आपापल्या परीने वापरली आहे. युक्ती चांगली आहे, मी रोज वापरते. पण तिच्या पोटात काय आहे, हे विसरता येत नाही. दोन प्रतींत फरक दाखवणारा एकही रीड नसेल, तर दोघींत वाटणी कशी करायची, हे डेटा सांगू शकत नाही. पुन्हा पुन्हा गणित करून मिळालेला आकडा दशांशात कितीही नेमका दिसला, तरी तो सुरुवातीच्या गृहीतकातूनच आलेला असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून माझं असं मत आहे, आणि ते बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही, की तरुण फॅमिलींच्या बाबतीत प्रत्येक लोकसचा आकडा मागण्याचा हट्ट समीक्षकांनी धरू नये. फॅमिलीच्या पातळीवरचा प्रामाणिक आकडा लोकसच्या पातळीवरच्या ओढूनताणून काढलेल्या आकड्यापेक्षा बरा. जागा विचारा म्हणजे शेवटच्या प्रतीचं नाव विचारा, असं मला म्हणायचं नाही. रीड्स जनुकांच्या आतले की बाहेरचे, एलिमेंटच्या दिशेचे की उलट, त्याच्या प्रमोटरपासून सुरू होणारे की मागून वाहत आलेले, एवढं विचारा. या प्रश्नांचं उत्तर साध्या डेटातूनही मिळतं.

समीक्षकांनी आणखी एक सवय सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आरएनए-सीकमध्ये लाइन-१ वाढलेलं दिसलं की शेरा येतो, ‘क्यूपीसीआरने खात्री करा.’ क्यूपीसीआर म्हणजे ठरावीक क्रमाच्या आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी. लेखक प्राइमर (त्या क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवतात, बहुधा ३-प्राइम टोकाकडच्या, म्हणजे शेवटाकडच्या, किंवा ओआरएफ-२ च्या (लाइन-१ च्या दुसऱ्या प्रथिनाच्या) भागाचे, क्यूपीसीआर करतात, तिथेही वाढ दिसते आणि समीक्षकाचं समाधान होतं. पण ते प्राइमर कशाला चिकटले? त्याच हजारो तुटक्या प्रतींना, ज्या इंट्रॉनमध्ये बसलेल्या आहेत. जी चूक सिक्वेन्सिंगमध्ये झाली, तीच चूक पुन्हा एकदा पाईपेटने झाली. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत, कारण दोघांनी ती एकाच माणसाकडून ऐकली आहे. खात्रीच करायची तर ५-प्राइम यूटीआरच्या सुरुवातीचे प्राइमर मागा, कारण तुटक्या प्रतींत तो भाग नसतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेला कंट्रोल मागा. नॉर्दर्न ब्लॉटवर (आरएनएची लांबी दाखवणाऱ्या चाचणीत) पूर्ण लांबीची पट्टी दिसते का ते विचारा, किंवा लाइन-१ चं ओआरएफ-१ प्रथिन खरंच तयार होतंय का हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत) दाखवायला सांगा. ही साक्ष वेगळ्या तोंडाची असते.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नसलेल्या कंट्रोलचा आग्रह उगाच धरत नाही. आरएनएच्या नमुन्यात जीनोमिक डीएनए जरासा उरला, तर जनुकांच्या मोजणीत तो फारसा जाणवत नाही, कारण जनुकांचे एक्झॉन जीनोमचा छोटासा भाग आहेत. पण एलिमेंट्स जीनोमचा निम्म्याच्या जवळपास भाग व्यापतात, त्यामुळे उरलेल्या डीएनएतला निम्म्याच्या जवळपास भाग एलिमेंटचं ‘एक्स्प्रेशन’ म्हणून मोजला जातो. एका गटाच्या नमुन्यांवर डीएनेझची (डीएनए नष्ट करणाऱ्या विकराची) प्रक्रिया नीट झाली आणि दुसऱ्या गटाच्या झाली नाही, एवढ्यानेही ठळक फरक उभा राहतो. लायब्ररीचा प्रकारही असाच. राइबोसोमल आरएनए काढून केलेल्या टोटल आरएनएच्या लायब्ररीत इंट्रॉनचे रीड्स पॉली-ए (फक्त ए-शेपटी असलेल्या आरएनएच्या) लायब्ररीपेक्षा कितीतरी जास्त असतात. एका प्रकल्पाचा पॉली-ए डेटा आणि दुसऱ्याचा टोटल आरएनए डेटा शेजारी ठेवून एलिमेंट्सची तुलना केलेली मी पाहिली आहे. ती तुलना कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. आणि एकेका पेशीच्या सिक्वेन्सिंगमध्ये, जिथे ए-शेपटीला चिकटणारा ओलिगो-डीटी प्राइमर वापरतात, तिथे हा प्राइमर आरएनएच्या शेपटीऐवजी इंट्रॉनमधल्या अलूच्या ए-बहुल पट्ट्यावरही जाऊन बसतो. मग अलूच्या आसपास रीड्सचा ढीग जमतो. तो ढीग प्राइमरने घातलेला असतो, पेशीचा त्याच्याशी संबंध नसतो.

संदर्भ जीनोमबद्दल, म्हणजे ज्यावर रीड्स बसवतो त्या प्रमाण जीनोमबद्दल, थोडक्यात. कुणाही दोन माणसांचे लाइन-१ तंतोतंत त्याच जागांवर नसतात. एखाद्या नमुन्यात जी प्रत सगळ्यात जास्त सक्रिय आहे, तीच संदर्भात नसेल, तर तिचे रीड्स संदर्भातल्या तिच्या बहिणींच्या नावावर चढतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. २०२२ मध्ये टी२टी गटाने टोकापासून टोकापर्यंतचा मानवी जीनोम दिला आणि आधी न वाचलेले सुमारे २० कोटी बेस जोडले, त्यामुळे चित्र सुधारलं. पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक त्याने मिटत नाही. शिवाय रिपीटमास्करच्या (जीनोममधले एलिमेंट्स ओळखणाऱ्या साधनाच्या) नोंदीत एकच एलिमेंट तीनचार तुकड्यांत विभागलेला असू शकतो आणि एकाच रेट्रोव्हायरसचा मधला भाग एका नावाखाली, कडेचे एलटीआर (दोन्ही टोकांचे एकसारखे क्रम) दुसऱ्या नावाखाली असतात, उदाहरणार्थ एचईआरव्ही-एच आणि एलटीआर-७. एलिमेंट्सच्या क्रमांची कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, तुकडे जोडले की नाही, हे न सांगता दिलेला तक्ता दुसऱ्या कोणालाही पुन्हा तयार करता येत नाही.

जागा पाहिली की नुसतं चुकीपासून वाचतो असं नाही, जास्त चांगलं जीवशास्त्र हाती लागतं. उंदराच्या दोन पेशींच्या गर्भात एमईआरव्हीएल हा रेट्रोव्हायरस मोठ्या प्रमाणावर लिहिला जातो. संशोधकांनी रीड्स नेमके कुठे सुरू होतात ते पाहिलं, म्हणून कळलं की त्याचे एलटीआर शेजारच्या कितीतरी जनुकांसाठी प्रमोटर म्हणून वापरले जात आहेत. २०१२ मधलं हे काम केवळ फॅमिलीचा स्तंभ उंच दाखवून थांबलं असतं, तर ही गोष्ट कळलीच नसती. २०१५ मध्ये दोन गटांनी डीएनए मिथिलेशन (डीएनएवरची जनुकं गप्प ठेवणारी रासायनिक खूण) रोखणाऱ्या औषधांमुळे कर्करोगाच्या पेशींत विषाणूसंसर्गासारखा प्रतिसाद उठतो, असं दाखवलं. तिथेही निव्वळ काउंटवर ते थांबले नव्हते. दुहेरी धाग्याचा आरएनए आणि तो ओळखणारी पेशीतली यंत्रणा इथपर्यंत त्यांनी माग काढला होता.

उलट बाजूही आहे. २०१५ मध्येच एएलएस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत एचईआरव्ही-के हा एंडोजिनस रेट्रोव्हायरस वाढलेला असतो, असं प्रसिद्ध झालं. पुढे वेगवेगळ्या गटांनी मोजलं तेव्हा तशी वाढ आढळली नाही. मधल्या काळात विषाणूविरोधी औषधांची आशा रुग्णांपर्यंत पोचली होती. आपल्या आलेखांतले स्तंभ असे माणसांच्या घरात जाऊन पोचतात, हे मी कधी विसरू शकत नाही.

म्हणून लेख स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी मागा. एलिमेंटवरच्या रीड्सपैकी किती एक्झॉनमधले, किती इंट्रॉनमधले, किती जनुकांच्या बाहेरचे, याची फोड दोन्ही गटांसाठी, स्ट्रँडसकट. सारांशात ज्या एलिमेंटचं नाव घेतलं आहे त्याच्या निदान काही लोकसचं कव्हरेज, दोन्ही बाजूंचे काही हजार बेस दिसतील असं. आणि मूळ फास्टक्यू (कच्च्या रीड्सच्या) फायली, नुसते काउंट किंवा गाळलेल्या बॅम (अलाइनमेंटच्या) फायली नकोत, कारण अनेक जागी बसणारे रीड्स एकदा गाळले की नंतर कोणी पुन्हा मोजू शकत नाही. जमलं तर लेखकांनी स्वतःच्या पाइपलाइनवर कृत्रिम रीड्स चालवून पाहिले का, हेही विचारा. ज्यांची जागा आपल्याला आधीच माहीत आहे असे रीड्स घालून उत्तर काय येतं ते पाहायला एक दिवस पुरतो.

शब्दांचीही शिस्त हवी. एलिमेंटचा क्रम असलेला आरएनए दिसणं, एलिमेंट स्वतःच्या प्रमोटरवरून लिहिला जाणं आणि एलिमेंटने उडी मारणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा देऊन तिसरीचा मथळा देऊ देऊ नका. हे काम संपादकच करू शकतात.

हा नवा भार आहे, लहान प्रयोगशाळांना परवडणार नाही, असं कोणी म्हणेल. मीही लहानच प्रयोगशाळेत काम करते. वर मागितलेली फोड ज्या अलाइनमेंटवरून मोजणी केली तिच्यातूनच निघते, वेगळं सिक्वेन्सिंग लागत नाही. लाँग-रीड (लांब तुकडे सलग वाचणारं) सिक्वेन्सिंग सक्तीचं करा असंही मी म्हणत नाही. ते फार उपयोगी आहे, पण ६००० बेसचा, कमी प्रमाणात असणारा आरएनए पूर्ण लांबीत पकडणं तिथेही सोपं नाही. कॉपी करताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज मध्येच गळून पडतो आणि ५-प्राइम टोक, म्हणजे आपल्याला हवा तोच भाग, सुटतो.

मी मागे घेतलेल्या त्या मसुद्यातली यादी अजून माझ्याकडे आहे. इंट्रॉनमधले, उलट्या दिशेचे, जनुकाच्या शेवटानंतर वाहत आलेले, सगळे वगळल्यावर तिच्यात थोडेच लोकस उरले. जनुकांपासून दूर, पूर्ण लांबीचे, आणि ज्यांचे रीड्स त्यांच्याच दिशेने त्यांच्या पहिल्या काही बेसपासून सुरू होतात असे. सध्या त्यांच्यावर ओआरएफ-१ च्या वेस्टर्नचं काम चालू आहे. तो लेख तुमच्यापैकी कोणाच्या टेबलावर आला, तर हे सगळे प्रश्न मलाही विचारा.

आपली,
आरएनए-सीकच्या डेटावर काम करणारी एक विश्लेषक